पाव झाला तर ओव्हन राहील

मी एक जुना ओव्हन आहे. मित्रांनो, पुढे वाचण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो: मला मुलं आवडत नाहीत. 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतोय, उगाच गैरसमज नको. मुलांच्या हाताला कायम काहीतरी चिकट लागलेलं असतं आणि तो हात ती नेमका माझ्या काचेवर ठेवतात. माझं दार धाडकन आपटतात. "तापलाय का?" असं विचारत बोट लावून बघतात आणि मग भोकाड पसरतात, "ओव्हनने चटका दिला!" दिला म्हणजे? मी काय तुमच्या अंगावर धावून आलो होतो?

असो. जन्मापासून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा आधी दाबला, मग वाकवला, मग त्याला भोकं पाडली. जन्म कसला, मारामारीच ती. पोटात दोन सळया बसवल्या, एक वर, एक खाली. आत एक छोटा दिवा, पुढे काचेचं दार आणि उजवीकडे तापमानाचं गोल बटण. ते बटण बसवणाऱ्या कामगाराचं त्या दिवशी मुकादमाशी जोरात वाजलं होतं. रागाच्या भरात त्याने बटण एक घर वाकडं बसवलं. तेव्हापासून मी खोटं बोलतो. बटणावर एकशे ऐंशी असतं तेव्हा मी आतून दोनशे असतो. शिवाय माझा मागचा डावा कोपरा जरा जास्तच भडकू आहे. लोक म्हणतात, ओव्हन बिघडलाय. मी बिघडलेलो नाही. दुसऱ्यांचं भांडण माझ्या अंगात शिरलंय, इतकंच.

मला जिने विकत घेतलं तिला सगळे शिवणबाई म्हणत. ती कपडे शिवायची. कितीतरी दिवस ती दुकानासमोरून जाताना मला काचेतून बघत होती. एके दिवशी आत आली, माझं दार तीन वेळा उघडून बंद केलं आणि म्हणाली, "हाच."

पुढची बारा वर्षं मी तिच्या एका खोलीत काढली. खोलीत तिचं शिलाई मशीन, एक पलंग, एक आरसा आणि मी. पहिल्या शनिवारी तिची सगळी बिस्किटं काळी ठिक्कर पडली. दुसरी कोणी असती तर तिने मला लाथ घातली असती. तिने पुढच्या वेळी बटण वीस अंश कमी ठेवलं. त्याच्या पुढच्या वेळी ट्रे मधेच काढून उलटा फिरवून ठेवला. तिने माझा स्वभाव ओळखला, आणि मला एक शब्दही बोलली नाही.

मग काय विचारता! दर शनिवारी बिस्किटं. माप द्यायला आलेल्या बायका मापाचं विसरून ट्रेभोवती उभ्या राहायच्या. एक जाडजूड शेजारीण तर म्हणायची, "कंबर आत्ताच दोन इंच वाढवून शिव गं बाई, तुझ्या बिस्किटांनी महिन्याभरात तेवढी होणारच आहे." माझी स्तुती म्हणजे एवढीच, पण ती मी अजून विसरलेलो नाही. पाव मात्र शिवणबाईने कधी केला नाही. "एकटीला अख्खा पाव कशाला?" असं म्हणायची आणि बेकरीतून दोन तुकडे आणायची.

मग तिने लग्न केलं आणि माझे वाईट दिवस सुरू झाले.

नवरा बस चालवायचा. चांगला माणूस, पण रोज साठ प्रवासी सांभाळणाऱ्या या माणसाला घरातल्या दोघींमधून गाडी काढायची म्हटली की घाम फुटायचा. दोघींमधली एक शिवणबाई. दुसरी त्याची मुलगी, वय वर्षं तेरा. तिची आई ती अगदी लहान असताना वारली होती. बाप तिला ठिणगी म्हणायचा. मी ठिणग्यांमधला जाणकार आहे. ही ठिणगी नव्हती, हा वणवा होता.

मला आणलं त्या दिवशी स्वयंपाकघरात खिडकीपाशी एक टेबल होतं. ठिणगी तिथे अभ्यास करायची, तिथेच जेवायची, तिथेच बसून बापाच्या बसची वाट बघायची. ते टेबल उचलून बाहेरच्या खोलीत नेलं आणि त्या जागी मला बसवलं. शाळेतून आल्यावर तिने दप्तरही खाली न ठेवता माझ्याकडे बघितलं. असं माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं.

"हे काय आहे?"

"ओव्हन," बाबा म्हणाले. "यांचा."

"मग यांच्या खोलीत ठेवा की."

दुसऱ्या दिवसापासून युद्ध. तिने माझ्या काचेवर चिकटचित्रं लावली. एक नाही, दोन नाही, छत्तीस! मांजरं, रॉकेटं, दात विचकणारी तोंडं. काचेतून आतलं काही दिसेना, आतून मलाही बाहेरचं नीट दिसेना. माझ्या डोक्यावरच्या धुळीत तिने बोटाने 'भंगार' असं लिहिलं, आणि खाली दोन रेघा मारल्या. शिवणबाईने पहिल्या शनिवारी बिस्किटं केली तर म्हणाली, "मला नाही आवडत." साफ खोटं. ट्रेमधले सगळे तुटके तुकडे कोणी खाल्ले ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

हळूहळू शिवणबाईने भाजणं सोडून दिलं. माझ्या पोटात कढया आल्या, झाकणं आली, दोऱ्याची रिळं आली. मित्रांनो, तुमच्या पोटात कोणी रिळं भरली तर तुम्हाला कसं वाटेल? लग्नाला आठ महिने होईपर्यंत मी असा कपाट होऊन बसलो आणि आतल्या आत कुढत राहिलो.

मग एका बुधवारी जेवताना ठिणगी म्हणाली, "बाबा, रविवारी पाच वाजता भंगारवाला येतो ना? त्याला तो डबा देऊन टाका. मला माझं टेबल परत तिथे हवंय."

"तो डबा नाही," शिवणबाई म्हणाली. "ओव्हन आहे."

"ओव्हनमध्ये काहीतरी भाजतात. यात तुमची रिळं आहेत."

"भाजलेलं कोणी खात नाही इथे, म्हणून आहेत."

"मी पाव खाते. बेकरीतला."

"पाव घरीही होतो."

"हो? केलाय तुम्ही कधी?"

शिवणबाई ताटातला भात चिवडू लागली.

"नाही ना? म्हणजे शोभेचा आहे!" ठिणगी टाळी वाजवून म्हणाली.

बाबांनी घास तसाच ताटात ठेवला. "बास! रविवारी दोघी मिळून पाव करा. पाव झाला तर ओव्हन राहील. नाही झाला तर भंगारवाला घेऊन जाईल. विषय संपला."

"दोघी मिळून?" दोघी एकदम ओरडल्या. आठ महिन्यांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

माझ्या जिवाचा प्रश्न होता, त्यामुळे मी घाबरलो होतो हे कबूल करतो. पण शिवणबाईचंही काही कमी नव्हतं. तिचं मशीन केव्हाच पलंगाखाली गेलं होतं. त्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी दिसणारी वस्तू एकच उरली होती, मी. गुरुवारी तिने मला रिकामं केलं, आतून पुसलं आणि कुठूनतरी पावाची कृती एका कागदावर उतरवून आणली. तो कागद तिने माझ्या वरच्या कपाटाला चिकटवला. काचेवरची चित्रं काढायला गेली, तर ठिणगी म्हणाली, "माझी आहेत ती." शिवणबाईने हात मागे घेतला.

रविवार उजाडला. जेवणं उरकून दुपारी दोघी ओट्यापाशी आल्या. बारा वर्षांत माझ्यात पाव गेला नव्हता, तिने केला नव्हता आणि ठिणगीने तर पीठही कधी मळलं नव्हतं. तिघंही नवशिके, आणि तिघांपैकी कोणाचंच कोणाशी पटत नव्हतं.

"यीस्टला कोमट पाणी लागतं," शिवणबाई कागद वाचत म्हणाली. "आण."

ठिणगीने पाणी आणलं. कोमट कसलं, खळखळ उकळलेलं! यीस्ट म्हणजे ते बारीक दाणे असतात ना, ज्यांच्यामुळे पाव फुगतो, ते जिवंत असतात. उकळत्या पाण्यात ते मरतात. ठिणगीला हे पक्कं ठाऊक होतं. शाळेत शिकली होती, नव्वद टक्के मार्कांची पोरगी ती. वाडग्यातून वाफ निघताना तिने तोंड फिरवून घेतलं.

दहा मिनिटं झाली. फेस नाही, बुडबुडा नाही, काही नाही. शिवणबाईने वाडग्यात बघितलं, मग ठिणगीकडे बघितलं. काही न बोलता ते पाणी ओतून दिलं आणि दुसरी पुडी काढली. शेवटची होती. या वेळी पाणी तिने स्वतः घेतलं आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकून बघितलं. फेस आला. ठिणगीचं तोंड पडलं.

मग मळणं. कागदावर लिहिलं होतं, पंधरा मिनिटं जोर लावून मळा. ओट्यावर गोळ्याचे दोन भाग केले, एक हिला, एक तिला.

"गोंजारतेयस काय त्याला? नीट मळ."

"मला नका शिकवू."

"शिकवत नाहीये, सांगतेय."

"तेच ते!" ठिणगीने गोळा ओट्यावर आपटला. धप्प!

"तसंच. अजून जोरात."

"माझं टेबल न विचारता हलवलंत." धप्प!

"तुझ्या बाबांनी हलवलं." धप्प! "मला वाटलं, त्यांनी तुला विचारलं असेल."

"मला कोणी काही विचारत नाही. बाबांनी लग्नाचंसुद्धा सांगितलं, विचारलं नाही!" धप्प!

"आणि मला वाटलं, तू हो म्हणाली आहेस." धप्प! "तुझं 'हो' आहे असं सांगितलं होतं मला."

"कोणी?"

दोघींनी बाहेरच्या खोलीकडे बघितलं. तिथे बाबा पेपरात डोकं घालून बसले होते. मग दोघी आणखी जोरात मळायला लागल्या.

मित्रांनो, त्या गोळ्यांनी त्या दिवशी जेवढा मार खाल्ला तेवढा मी माझ्या जन्माच्या वेळीही खाल्ला नसेल. आणि गंमत बघा, पावाला नेमकं तेच हवं असतं. चिकट, फाटका गोळा बघता बघता गुळगुळीत झाला. दोन्ही एकत्र करून शिवणबाईने एका पातेल्यात ठेवले, वर ओलं फडकं घातलं आणि पातेलं माझ्या पोटात सरकवलं.

"तापवायचा नाही," तिने बजावलं. "आतला दिवा फक्त लावायचा. त्या दिव्याच्या उबेत तासाभरात दुप्पट होईल."

"ठाऊक आहे," ठिणगी म्हणाली. ठाऊक नव्हतं.

शिवणबाई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. ठिणगी माझ्यासमोर एकटी उरली आणि तिने हळूच हात माझ्या बटणावर ठेवला. मी समजून चुकलो. एवढंसं फिरवलं की फडकं जळणार, गोळा शिजणार, पाच वाजता मी हातगाडीवर. मी ओव्हन आहे, बटण फिरवलं की मला तापावंच लागतं. 'नाही' म्हणायची सोय माझ्यात कोणी बसवलेली नाही.

तिने बटण फिरवलं नाही. आधी तिला बघायचं होतं. पण काचेवर तिचीच छत्तीस चित्रं! तिने नखाने एका मांजराचं शेपूट उचकटलं आणि त्या फटीतून डोळा लावला. आत दिवा जळत होता. सपाट पडलेलं फडकं मधोमध टेकडीसारखं उचललं गेलं होतं. ती बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"आयला," ती म्हणाली, "वर येतंय!"

बटणावरचा हात तिने काढला, मांजराचं शेपूट परत जागेवर चिकटवलं आणि हाताचं पीठ धुवायला न्हाणीघरात गेली. मी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात बाबा आले.

त्यांना मदत करायची होती. मघापासून स्वयंपाकघरातले धपाधप आवाज ऐकून त्यांना अपराधी वाटत होतं. त्यांनी कपाटावरचा कागद वाचला. पहिलीच ओळ होती: 'ओव्हन आधी दोनशे अंशांवर तापवून घ्या.' बाबा वेळापत्रकाचा माणूस. पहिला थांबा आला की पहिला थांबा. काचेतून आत बघितलं, तर मांजरं आणि रॉकेटं. त्यांनी बटण दोनशेवर फिरवलं, खूश होऊन हात झटकले आणि परत पेपर वाचायला गेले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतकं असहाय कधी वाटलं नाही. सळया लाल झाल्या. डावा कोपरा नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी भडकला. फडक्याची कड पिवळी पडली, तपकिरी झाली, मग धूर. आणि मी तापत राहिलो.

शिवणबाईला जिन्यातच वास आला. ती धावत आली, दार उघडलं, हाताला काही न गुंडाळता पातेलं बाहेर ओढलं आणि ओट्यावर टाकलं. बोटं पोळली. त्याच वेळी ठिणगी ओल्या हातांनी दारात आली.

"समाधान झालं?" शिवणबाई ओरडली. तिचा तो आवाज मी बारा वर्षांत ऐकला नव्हता. "झालं ना मनासारखं?"

"मी नाही केलं!"

"मग कोणी? ओव्हन आपोआप पेटला? मघाशी उकळतं पाणी आणलंस ते मला कळलं नाही असं वाटलं? गप्प बसले मी!"

"ते मी केलं!" ठिणगीचा चेहरा लालबुंद झाला. "ते मी केलं, मुद्दाम केलं! पण हे नाही केलं! मी तर... ते वर येत होतं! मी बघितलं!"

"खोटं."

"नाही!"

घरात एकच साक्षीदार होता आणि तो मी होतो. आठ महिने त्या पोरीचं वाईट चिंतणारा मी, आणि मला ओरडून सांगायचं होतं की ती खरं बोलतेय. पण माझ्या दाराला फक्त करकरता येतं.

बाबा दारात उभे होते. पेपराची घडी करत होते, उलगडत होते, परत घडी करत होते. मला वाटलं, हा माणूस आता ब्रेक दाबून इथेच उभा राहणार. राहिलासुद्धा, चांगले पाच-सहा श्वास. ठिणगीच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"मी लावला."

दोघी वळल्या.

"कागदावर पहिली ओळ तीच होती," ते पुटपुटले. "आधी तापवून घ्या."

"बाबा! आत बघायचं ना!"

"अहो, दार उघडून बघायला काय झालं होतं?"

"काचेतून मांजरं दिसली..."

"मांजरं!" शिवणबाई कडाडली. "बस चालवताना समोर बघता ना? की तिथेही कागद वाचता?"

"आणि माझं 'हो' कधी विचारलंत तुम्ही?" ठिणगी म्हणाली. "यांना काय सांगितलंत? सांगा ना!"

बाबांची पाठ भिंतीला लागली. मग जे काही ऐकून घेतलं त्यांनी! एक थांबली की दुसरी सुरू. बोलणी त्यांना बसत होती, पण ऐकायला मला फार बरं वाटत होतं.

ओरडून दम संपला तेव्हा शिवणबाईने पोळलेली बोटं नळाखाली धरली. ठिणगी पातेल्यापाशी गेली आणि गोळ्यात बोट खुपसलं. कडा शिजून रबरासारख्या झाल्या होत्या. मधे बोट आत गेलं, आणि तो भाग पुन्हा हळूहळू वर आला.

"मधे जिवंत आहे," ती म्हणाली.

शिवणबाईने जवळ येऊन बघितलं. "सुरी घे. तू काप, मला धरवत नाहीये." मग जरा वेळाने, नळाकडे बघत म्हणाली, "मी तुझ्यावर उगाच आळ घेतला."

"पाण्याचा उगाच नव्हता," ठिणगी म्हणाली आणि कापत राहिली.

शिजलेली साल काढून टाकल्यावर मुठीएवढा गोळा उरला. तो केकच्या लांबट भांड्यात ठेवला. परत अर्धा तास थांबल्या. या वेळी दोघींनी स्टुलं माझ्यासमोर आणून ठेवली आणि राखणदारासारख्या बसल्या. बाबांना ओट्याच्या पलीकडे यायची बंदी. "प्रवाशांनी मागे बसा," ठिणगीने सुनावलं.

भाजताना शिवणबाईने मला एकशे ऐंशीवर ठेवलं. "कागदावर दोनशे आहे," ठिणगी म्हणाली.

"हा वीस अंश खोटं बोलतो. आणि अर्ध्या वेळाने भांडं फिरवायचं, डावीकडे जाळतो."

"मग असला ओव्हन ठेवलात कशाला?"

"मला ठाऊक आहे ना तो कसा आहे ते. तेवढं पुरतं."

पाचला पाच कमी असताना पाव बाहेर आला. दिसायला म्हणाल तर एका बाजूला कलंडलेला, जुन्या बुटासारखा. पाच वाजता दारावर थाप. भंगारवाला.

"ओव्हन द्यायचा होता ना?"

बाबांनी दोघींकडे बघितलं. शिवणबाईने पावाचा तुकडा कापून ठिणगीपुढे धरला. मान ताठ होती. "तूच सांग. झाला का पाव?"

ठिणगीने तुकडा तोंडात टाकला. चावला. सावकाश चावला. माझ्या सळया गार पडल्या.

"मधे कच्चा आहे," ती म्हणाली.

शिवणबाईने सुरी खाली ठेवली.

"मीठ कमी. कड कडक आहे, दात तुटेल."

"मग नेऊ?" भंगारवाल्याने बाह्या वर केल्या.

"घाई काय आहे तुम्हाला?" ठिणगी त्याच्यावर खेकसली. "पाव अजून झालेला नाही म्हणाले. होणार नाही असं कुठे म्हणाले? पुढच्या रविवारी या."

आणि तिने दुसरा तुकडा कापला.

त्याला आता बरेच रविवार झाले. दर रविवारी पाव होतो, दर रविवारी ठिणगी त्याला नावं ठेवते. कधी आंबट, कधी भोकं फार, कधी 'आज बरा आहे पण झाला असं म्हणता येणार नाही.' भंगारवाला दर रविवारी येतो, एक तुकडा खातो, आपलंही मत देतो आणि रिकाम्या बाटल्या घेऊन जातो. टेबल स्वयंपाकघरात परत आलंय, मला भिंतीकडे ढकलून. खिडकी अर्धी तिची, अर्धी माझी. ती अजून मला डबाच म्हणते, आणि शिवणबाईशी दिवसातून दोनदा तरी वाजतं. काचेवरची चित्रं दोघींनी सुरीने खरवडली, त्याचे ओरखडे माझ्या तोंडावर कायमचे राहिले. मी कोणालाही माफ केलेलं नाही.

तर मित्रांनो, मी तुमच्याकडे प्रेम मागत नाही. तुमची चिकट बोटं तुमच्यापाशीच ठेवा. मला कोरड्या फडक्याने पुसा, माझ्या पोटात रिळं भरू नका, आणि एवढं तरी करा: पेटवण्याआधी दार उघडून बघा. बाहेरून दात विचकणारी तोंडं दिसली, तरी आत काहीतरी फुगत ठेवलेलं असू शकतं.